थोरली

साम्पेलाची घरं पाण्यात उभी असतात, खांबांवर.
सादारियाच्या घरी मी दोन वर्षं राहिले, मासे मोजत.
तिच्या मागच्या शिडीपासून वल्ह्याचे साठ मारे
की खडकाच्या खोबणीत एक समुद्रफूल:
शेकडो बोटं, बोटाबोटांत विष.

त्यात पाच जण. नारिंगी,
अंगावर चुन्याचे तीन पट्टे.
जगाने त्यांना विदूषक म्हटलं.
मला तर ते कायम कामात दिसले.

थोरली सगळ्यांत मोठी. खालोखाल तिचा नवरा.
मग तीन धाकटे, अजून ना नर ना मादी,
उतरंडीतल्या मडक्यांसारखे एकाहून एक लहान.
कुणी कुणाच्या रक्ताचं नाही, सगळे वाहत आलेले.
कायदा एकच: वरच्याच्या बरोबरीला यायचं नाही.
पोट भरलं तरी अंग आवरायचं.
नाहीतर हाकलतील, आणि बोटांच्या बाहेर
एवढासा जीव म्हणजे कुणाचा तरी घास.

"यांना विष कसं लागत नाही?" सादारियाने विचारलं.
मी अंगावरच्या बुळबुळीत थराचं सांगू लागले.
ती म्हणाली, "अंग घासत राहतात म्हणून.
चार दिवस फिरकलं नाही, की घरही डसतं."
तेही खरं निघालं. वहीत आहे.

अंडी घालायची ती, राबायचा तो.
दगड तोंडाने घासून लख्ख करायचा,
दिवसभर परांनी वारा घालायचा, पाण्याचा वारा,
नासलेलं अंडं मुकाट खाऊन टाकायचा.
सातव्या दिवशी दाण्यादाण्यात चंदेरी डोळे
आणि अंधार पडला की सगळी पोरं बेपत्ता.
"कुठे जातात?"
"दुसऱ्या कुणाच्या उतरंडीत. सगळ्यांत खाली."
सादारियाचा मोठा मुलगा मलेशियात होता.
ती जाळं विंचरत राहिली.

धाकट्याने, जुमारीने,
बाउबाउच्या व्यापाऱ्याला थोरली विकली.
हवेने फुगवलेल्या पिशवीत ती गोल फिरत होती,
भिंतीला तोंड लावून बघत.
त्या पैशांत पेट्रोल आलं, थोडा तांदूळ आला.
मी काय बोलणार? भात मीही खाल्ला.

आठवडाभर तिचा नवरा फुलाच्या कडेला.
मग धाकट्यांवर धावून जायला लागला, दात वाजवत.
थोरलीपुढे थरथरणारा तोच.
तिसरा, जो वर्षभर नखाएवढाच वाढला होता,
भराभर अंग धरू लागला.
आणि त्या पहिल्याच्या पोटात
काहीतरी मावळत होतं, काहीतरी उगवत होतं.
वहीत काय लिहू?
साम्पेलाच्या बोलीत तो आणि ती यांना एकच शब्द.
मराठीत क्रियापद अडतं.
'आला' लिहून खोडलं. 'आली' लिहून खोडलं.
'दिसलं' लिहिलं. कित्येक आठवडे नुसतं
'दिसलं', 'खाल्लं', 'वाढलं'.
मग एका सकाळी दगडावर अंडी होती.

पश्चिमेचा वारा सुरू झाला आणि सादारिया तापाने गेली.
लाहुदी, तिचा नवरा, तिच्या जागी आला नाही.
चूल त्याला पेटेना. पोरांवर आवाज चढेना.
मी मात्र आठवडे मोजत होते,
माशांचे मोजायचे तसे.
त्याची लाज अजून वाटते.

तो फक्त तिचा लाकडी चष्मा लावून खाली जायचा.
त्याच्या तोंडाला तो लहान, पाणी आत शिरायचं,
डोळे लाल करून वर यायचा, रिकाम्या हाताने.

मी निघायच्या आदल्या दिवशी
होडीची कड धरून त्याने बोट वर केलं.
इवलंसं रक्त.
फुलाजवळ हात नेला होता म्हणे, नुसताच.
कोण, ते त्याच्या शब्दात कळत नव्हतं.
मी वही उघडली आणि न खोडता लिहिलं:
चावली.